सात नंबरच्या मशीनचे बाद पीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट सांगता येणार नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात तिथं. ताथवड्याच्या कॉलेजातून नवी आले तेव्हा मला जाडी मापायचा मायक्रोमीटरही धड धरता येत नव्हता. शकीलभाईंनी शिकवलं. सात नंबरच्या मशीनवर कायम पहिल्या शिफ्टला असायचे ते. पीस नुसता हातात घेऊन म्हणायचे, "हा बाद होणार, ताई." मापायला घेतला की व्हायचाच.

मग मी 'आर' शिकले — आकडेमोडीची संगणकभाषा. तिच्यातून थेट कंपनीच्या डेटाबेसला जोडायचं, क्वेरी लिहायची, की महिन्याच्या नोंदी समोर. आमच्याकडे हे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. साहेब म्हणाले, कुणाच्या हातून किती पीस बाद होतात ते काढ. काढलं. शकीलभाई सगळ्यात वर.

ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, एकदा परत बघता का? एवढे माझे नसतील ओ."

मी बघितलं का? नाही. वर मीच त्यांना म्हणाले, "भाई, कॉम्प्युटरचं तुमच्याशी काय वैर आहे?"

त्यांना मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी तीच क्वेरी उघडली, आणि चूक दिसली. एका तक्त्यात बाद पीस, दुसऱ्यात कोण कुठल्या मशीनवर. दोन्ही जोडताना मी तारीख जुळवली, मशीन जुळवलं. शिफ्ट जुळवायची राहिली. दुसऱ्या शिफ्टचे बाद पीसही शकीलभाईंच्या नावावर चढले होते. त्या शिफ्टला माणसं बदलती, त्यांची नावं विखुरली. हे एकटेच रोज तिथं.

मी एक ओळ बदलली. पुढचा रिपोर्ट बरोबर गेला. मागच्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मी — सोमवारी सांगू म्हटलं. असे किती सोमवार गेले? भीती होती म्हणू? तीही होती. पण खरं म्हणजे सगळे मला मॅडम म्हणायला लागले होते, आणि ते मला आवडत होतं.

दोन महिन्यांनी शकीलभाईंनी काम सोडलं.

गेल्या वर्षी काळेवाडीत भेटले. मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसतात आता. माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "डोळे तपासून घेतले, ताई. डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे. मग हातच गेला असणार. एवढी वर्षं काम केलं, पण कधी गेला ते कळलंच नाही मला."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "वयानं होतं तसं, भाई." आणि चहा संपवला.