पाण्यावर उडवलेलं रॉकेट

अकरावीला मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा शहरभर मेडिकलच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि प्रत्येक एसटीतून माझ्यासारख्याच मुली ट्रंका घेऊन उतरत होत्या. मला खोली मिळाली एका चाचींच्या घरात. त्या अंगणात बसून ब्लाउज शिवायच्या, आणि अंगणालगतची खोली मुलींना भाड्याने द्यायच्या.

खोलीतली दुसरी मुलगी औशाकडची होती. भूकंपात तिचं गाव पडलं होतं आणि थोरली बहीण गेली होती. हे मला चाचींनी सांगितलं. ती स्वतः त्याबद्दल काहीच बोलायची नाही. पहिल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, "आतून कडी लावू नको."

तिने भिंतीवर वर्तमानपत्रातला रॉकेटचा फोटो चिकटवला होता. एका रविवारी आठवड्याची टेस्ट देऊन आलो आणि ती त्या फोटोसमोर उभी राहिली.

"हे आपण करूया. उडणारं."

"दिवाळीच्या बाणातली दारू घालायची?"

"न्हाई. बार नको. आग नको."

मग पाण्याचं ठरलं. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, तोंडाला रबरी बूच मारायचं, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आत घालायचा आणि बाटली उलटी ठेवून पंपाने हवा भरायची. दाब वाढला की बूच निसटणार, पाणी खाली सुटणार आणि बाटली वर जाणार. क्रिया-प्रतिक्रियेचा हा नियम क्लासमध्ये आम्ही पाठ केला होता, पण तो खरा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बाटलीची जाडी आपल्या हातात नव्हती. म्हणून फोटोतल्या रॉकेटची जाडी आणि उंची पट्टीने मोजून त्या प्रमाणात आमच्या रॉकेटची उंची काढली. बाटलीभोवती ड्रॉइंग पेपर गुंडाळला, वर टोकदार टोपी बसवली, फोटोतल्या रॉकेटला बाजूने चिकटलेल्या होत्या तशा नळ्या वहीच्या पुठ्ठ्याच्या केल्या. ती इतकी मन लावून कापायची की जिभेचं टोक बाहेर यायचं. तिला हसताना मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. खळीच्या पातेल्यात माझी ओढणी पडली होती.

पहिली चाचणी अंगणात झाली. बूच अर्धवटच निघालं आणि सगळं पाणी चाचींच्या मशीनवर गेलं. तेव्हा नळ आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा.

"अगं बायांनो, प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही उडवून राहिल्या!" चाची ओरडल्या. पण मशीन पुसता पुसता त्यांनीच विचारलं, "किती वर जायला पाहिजे होतं?"

दुसऱ्या वेळी ते वर गेलं, पण कोलांट्या खात शेजारच्या कौलांवर आपटलं. तळाशी पंख लावले तर सरळ जाईल असं मला वाटत होतं, पण फोटोतल्या रॉकेटला पंखच नव्हते. दोन दिवस आम्ही त्यावर भांडलो. शेवटी तीच म्हणाली, "दिसायला थोडं येगळं चालंल. सरळ गेलं पाहिजे." पंख लागले. टोक जड करायला चाचींनी कणकेचा गोळा दिला.

रेणापूर नाक्याच्या पुढच्या मोकळ्या रानात ते सरळ गेलं. फट्ट आवाज झाला तशी तिने माझं मनगट गच्च धरलं, आणि रॉकेट खाली पडेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाली, "गावाकडं न्यायचं."

पुढच्या सुट्टीत आम्ही निघालो. एसटीत रॉकेट माझ्या मांडीवर होतं. "ह्याचं अर्धं काढू का पूर्ण?" कंडक्टरने विचारलं आणि गाडीभर हशा झाला.

तिचं नवं गाव एकसारख्या घरांचं होतं, सरळ रांगांतलं. तिची आई अजून घरात झोपत नव्हती, ओट्यावरच अंथरूण टाकायची. पोचल्या पोचल्या माझ्या मैत्रिणीने चहासुद्धा घेतला नाही. मला घेऊन ती दारोदार फिरली.

"मावशी, सांजच्याला मैदानात आवाज होईल. आमचाच हाय. घाबरू नका."

प्रत्येक दारात तेच सांगत होती, तितक्याच शांतपणे. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी फक्त विचारलं, "जमीन हालंल का?"

"न्हाई बाबा. जमिनीला काय व्हत न्हाई."

ऊन उतरल्यावर मैदानात अख्खं गाव जमलं. बायका पोरांना कडेवर घेऊन लांब उभ्या होत्या. मी पंप मारायला लागले, तर तिने तो माझ्या हातून घेतला. पंपाचाच तेवढा आवाज येत होता. मग बूच उडालं. दोघीतिघी दचकून मागं सरल्या, पण तोवर रॉकेट पाण्याची पांढरी धार सोडत पार वर गेलं होतं आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. ते शेवटच्या रांगेपलीकडच्या तुरीत पडलं.

मग तिची आई म्हणाली, "आणिक एकदा उडव की."

कुणी कळशी आणली, कुणी तांब्या. अंधार पडेपर्यंत आम्ही उडवत राहिलो. ते बाबा शेवटी अगदी पुढं येऊन बसले होते, अंगावर पाणी उडालं तरी हलले नाहीत.

परतीच्या गाडीत ती एकाएकी बोलायला लागली. "ताईला लई आवडलं असतं. मला बाजूला ढकलून तिनंच पंप मारला असता." मग लातूर येईपर्यंत ताईबद्दलच बोलत होती. ताई झाडावर कशी चढायची, तिला गणित कसं यायचं न्हाई, ती किती मोठ्यानं गायची.

त्या आठवड्याच्या टेस्टमध्ये आम्ही दोघी मागं पडलो. डॉक्टर तर दोघींपैकी कुणीच झालं नाही. मी नांदेडला परतले, बँकेत लागले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. रॉकेट आम्ही तिच्या गावातच ठेवून आलो होतो, तिथल्या पोरांनी ते उडवून उडवून फाडलं. फोनवर हे सांगताना तिचा आवाज खूश होता.