पाइनसाठी आलेलं मातीचं पोतं

माझा स्वभाव शंकेखोर. आहे तो आहे, लपवून काय करू? पण त्या वर्षांत आमच्या मुकुटबनकडच्या भागात शंकेखोर कोण नव्हतं? पाकिटावर टपोऱ्या बोंडांचं चित्र बघून कपाशीची सरकी मातीत टोबावी, तर झाड नुसतं वाढायचं, बोंड धरायचं नाही. धरलंच तर आत अळी. फवारा मारला की अळी जास्तच ताजीतवानी. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही. ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून प्यायचो. बाहेरून काही आलं की मी आधी हुंगायची.

अशात गावाच्या माथ्यावरच्या उघड्या बरडावर वनखात्यानं जंगल लावायचं ठरवलं आणि त्यासाठी झाड निवडलं पाइन. समुद्रापलीकडचं. पानं कसली, नुसत्या सुया! "इथलं सागवान मेलं काय?" मी साहेबांना तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, मुरमाड जमिनीत हे तग धरतं, आधी याची सावली होऊ द्या, मग सागवानही येईल. मला काही पटलं नाही. पण मी रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामावर होते, मान हलवली.

बी टाकायला मामांना बोलावलं. मामा म्हणजे शेजारच्या पोडावरचे, आदिवासी वस्तीवरचे, म्हातारे कोलाम. नात्याचे नव्हेत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. माणूस तोंडानं कडू, पण हाताला गुण असा की पेरणीला पहिली सरकी मामांनीच टोबायची, हा आमच्याकडचा रिवाज. मृगात लोक त्यांच्यासाठी खोळंबून राहायचे. एकाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहा, दुसऱ्याच्या धुऱ्यावर नारळ. एरवी वर्षभर त्यांना कोणी विचारत नसे, पण ते आठ दिवस मामांचे.

मग ते पोतं आलं. कुठल्याशा थंड डोंगरावरच्या पाइनच्या जुन्या वनातून, खास ट्रकनं. आत काय, तर माती! साहेब म्हणाले, प्रत्येक पिशवीत एकेक मूठ घाला, चुकवू नका. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी पोत्याचं तोंड सोडलं तर भपकन कुबट वास, आणि मातीत पांढरी बुरशी, जाळं विणल्यासारखी. आमची उभी कपाशी मर लागून वाळायची, ती असल्याच बुरशीनं. आणि आमचं वावर रोपवाटिकेच्या अगदी खाली. "यात काहीतरी काळंबेरं आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुले तं देवाच्या परसादातबी खडाच दिसते," तो म्हणाला.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी पोतं ओढत नाल्यावर नेलं आणि उंबराखाली रिकामं केलं. आमच्या वावरातली काळीभोर माती त्यात भरून परत जागेवर ठेवलं. सोन्यासारखी माती दिली, काय वाईट केलं? मामांनी तीच माती मूठमूठ घातली, बी टाकलं, रोज झारीनं पाणी दिलं.

बी उगवलं झकास. दोन महिन्यांत पिवळं पडलं. वीतभर होऊन जे थांबलं ते थांबलंच. मामांनी शेणखत घातलं, सावली केली, शेवटी तर रोपांना शिव्या द्यायला लागले. पावसाळा लागला तशी साहेबांनी सगळी रोपं नाल्यात फेकायला लावली. बघा, म्हणत नव्हते मी? परदेशी झाडच बोगस!

पण गावानं झाडाला बोगस म्हटलं नाही. त्याच साली कपाशीही गेली, आणि दोन्हीत पहिलं बी मामांचं. पारावर कुणीतरी म्हणालं, "बुढ्याचा हात उतरला." झालं! पुढच्या मृगात त्यांना कोणी बोलावलं नाही. मामा मात्र धुतलेलं धोतर नेसून पोडाच्या वाटेवर बसून होते, आठही दिवस. मला पोतं आठवलं नाही असं नाही. चोराच्या मनात चांदणं. पण मूठभर माती बदलली म्हणून कुठं झाड मरतं, असं मीच मला समजावलं. त्या उंबराकडे मात्र फिरकले नाही.

तीन पावसाळे गेले. वनरक्षक म्हणून एक नवी बाई आली. तिला नाला दाखवायला मीच गेले आणि उंबरापाशी माझे पाय थबकले. फेकलेल्या रोपांतली पाच तिथं उभी होती, हिरवीगार, माझ्या डोक्याच्या वर.

"इथं जुन्या पाइनखालची माती कोणी टाकली?" तिनं विचारलं.

"कायले इचारता?"

ती म्हणाली, पाइनच्या मुळांना त्या मातीतली बुरशीच जेवू घालते. ती नसली तर झाड चांगल्या मातीतही उपाशी राहतं.

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच पोडावर गेले. मामा खाटेवर दोर वळत बसले होते. पोत्याची गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

"तीन वर्सं झाले," ते म्हणाले, "म्या परसात वालाचं बियाणंबी नाई लावलं. बायकोले लावाले सांगतो. अन् तू चूप राह्यली?"

"चुकलं, मामा."

"चुकलं म्हणते! चाल पारावर. तिथं सांग."

पारावर सगळ्यांदेखत सांगितलं. शिव्या खाल्ल्या. नवरा चार दिवस बोलला नाही.

त्या मृगात मामांना बोलवायला मी स्वतः गेले. धुतलेलं धोतर नेसून ते आमच्या वावरात आले, धुऱ्यावर चहा प्याले. मी सरकीचं पाकीट पुढं केलं. मामांनी ते उलटंपालटं केलं, नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कोनं फोडलं?"

"मीच, मामा."

"मंग दुसरं आन. बंद असन ते. माह्यासमोर फोडू."

मी घराकडे दुसरं पाकीट आणायला निघाले.