सावलीला भ्यायलेल्या गाई

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सगळे दांडका म्हणत आणि त्याला ते आवडायचं. एका उन्हाळ्यात आमच्या उघड्या कुरणात दोन गाई उन्हाने कोसळून मेल्या. तेव्हा त्याने गवतात ऐसपैस अंतर सोडून झाडांच्या रांगा लावल्या. खाली चारा, वर सावली, शिवाय फांद्यांचा पाला. डोकं चांगलं होतं त्याचं, हात वाईट होता.

रोपांभोवती काटेरी जाळी लावू, असं मी म्हटलं.

"जाळी कशाला? मी आहे ना," तो म्हणाला.

होताच तो, चांगली पाच वर्षं. गाईने रोपाकडे मान वळवली की नाकाडावर सोटा. एका कालवडीचं शिंग त्याने मुळापासून उडवलं. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं तरी हा मारतच होता. मी सोटा धरायला गेलो, तर माझं मनगट मोडलं. ते अजून वाकडं आहे. वहिनी मध्ये पडली नाही. तिच्या वाट्याचा मार तिने सकाळीच खाल्ला होता. मी त्याला माफ केलेलं नाही.

झाडं मात्र डोक्यावर गेली. सहाव्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दादाने सोटा फेकला आणि सावलीत उभा राहून हाका मारल्या.

"या गं बायांनो, तुमचंच आहे."

सतरा गाई जिभा बाहेर काढून उन्हात उभ्या. एकही हलेना. झाड म्हणजे मार, एवढंच त्या शिकल्या होत्या. एक गाभण गाय गुडघ्यांवर आली. दादाने तिला दाव्याने ओढलं, तिने पाय रोवले, तशी त्याने तिच्या तोंडावर बुक्की घातली.

तेवढ्यात महिन्याचं एक वासरू टुणटुणत सावलीत शिरलं. त्याने अजून मार खाल्ला नव्हता. दादा आनंदाने त्याच्याकडे धावला. वासरू त्या शिंग मोडलेल्या गाईचं होतं, आणि तिला फक्त धावणारा दांडका दिसला. उरलेल्या एका शिंगाने तिने त्याला खोडावर दाबलं, दोनदा. बरगड्या मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग मी सोटा उचलून धावलो.

"मारू नकोस," तो रक्त थुंकत म्हणाला. "आत्ता कुठे आत आलीय ती."

मी सोटा टाकला. ती वासराला चाटत उभी राहिली. बाकीच्या गाई दादाला वळसा घालून एकेक करत आत आल्या. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता. गाडीत त्याने प्राण सोडला.