लेकीची पंगत

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझी खानावळ आहे. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे दिवसाची यादी करून ओट्याच्या वरच्या खिळ्याला अडकवणं. त्या दिवशी यादी लिहीत असतानाच मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज होता, आदल्या दिवशीचा, उशिरा आलेला. माझ्या दुसऱ्या खात्याच्या कार्डावर भोरच्याच एका किराणा दुकानात मोठी खरेदी झाली होती. ज्या दुकानातून मी गेली कित्येक वर्षं माल भरते, तेच दुकान.

ते कार्ड माझ्या नावाचं असलं तरी माझ्याकडे नसायचं. धाकट्या भावाकडे असायचं. आई त्याच्याकडे राहते, वेल्ह्याच्या बाजूला आमच्या माहेरी. तिला रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्यांचं औषध, अधूनमधून नसरापूरच्या डॉक्टरांकडे फेरी, असा खर्च सुरू झाला तेव्हा मी भावाला म्हटलं, मी पैसे देते. तो म्हणाला, "माझ्या खात्यावर नको टाकू अक्का, गाडीचा हप्ता थकलाय, बँक सरळ कापून घेती." म्हणून मी वेगळं खातं उघडलं, त्यात दर महिन्याला, अचानक दवाखाना निघाला तर म्हणून जरा जास्तच पैसे भरायचे ठरवलं आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच ठरली. आईला सांगायचं नाही. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं खात नाहीत. आई माझ्याकडे आली तरी चहाच्या कपाखाली नाणं ठेवते. लेकीच्या पैशाच्या गोळ्या आहेत असं तिला कळलं असतं, तर तिने त्या गिळल्या नसत्या. भाऊ म्हणाला, "मी माझंच म्हनून देतो, तू काळजी करू नको." मला ते पटलं. महिन्याच्या सुरुवातीला पैसे निघाल्याचा मेसेज यायचा आणि मी समजायचे, आईची औषधं आली.

किराणा दुकानात मात्र रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नाहीत. पोळ्यांचं काम खानावळीतल्या बायकांवर सोपवून मी बाजारपेठेत गेले. दुकानदार हसून म्हणाला, "काल तुमचे बंधू येऊन गेले. तुमचंच कार्ड होतं, म्हणून तुमचाच भाव लावला."

"काय काय नेलं?"

त्याने सांगितलं. तांदूळ, तूरडाळ, गूळ, रवा, तेलाचे डबे, पत्रावळ्यांचे गठ्ठे. खानावळ चालवणाऱ्या बाईला आणखी काही विचारावं लागत नाही. एवढं सामान एका घरात येत नाही. ती गावाची पंगत होती. माहेरी हरिनामाचा सप्ता बसायचा होता. सप्त्यात रोज एका घराची पंगत असते, आणि गाव जेवायला बसलं की माईकवरून सांगतात, आजची पंगत अमक्यांची. माझ्या भावाला ते माईकवरून ऐकायचं होतं. माझ्या पैशाने, आणि वर माझ्याच सवलतीच्या भावात.

मी त्याला फोन केला नाही. फोन केला की तो रडवेला होतो, शपथा घेतो, आणि दोन दिवसांनी आपणच त्याची समजूत घालत बसतो. मी दुपारची एसटी धरली आणि नसरापूरवरून माहेरी गेले. भाऊ घरात नव्हता. भावजय दारातच म्हणाली, "बरं झालं आलासा वन्सं. तुमाला सांगावाच धाडनार हुते. औंदा सप्त्यातली पंगत आमची हाय. यांनी समदं एकट्यानं उचललंय." तिच्या चेहऱ्यावर खरा अभिमान होता. तिला काही माहीत नव्हतं. सामान बाहेर रचलं होतं. आचारी, मांडव आणि भाजीचा टेम्पो यांचे पैसे पंगतीच्या दिवशी सकाळी रोख द्यायचे आहेत, हेही तिनेच सांगितलं.

आई आतल्या खोलीत पाय पसरून बसली होती. मी सवयीने गोळ्यांचा डबा उघडला. महिना संपत आला होता तरी पाकिटात निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. गुडघ्यांच्या औषधाचा तर पत्ताच नव्हता.

"आई, गोळ्या रोज घेत नाहीस?"

"एक दिवसाआड घेती. पोराला किती झेपनार गं? मागच्या बारीला म्हनत हुता, लई महाग झाल्यात."

"आणि गुडघ्याचं?"

"त्ये बंदच केलंय. म्हातारीचं गुडघं दुखायचंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेकीकडनं आमी घेत न्हाई, त्ये खरं. पर लेकीनं इचारावं तरी. तू तुझ्या धंद्यात. त्यो बिचारा एकटा माझ्यापायी मरतोय."

मी डबा बंद केला. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं, आणि मला ते असं, चार भिंतींच्या आत, वाया घालवायचं नव्हतं. तिथे सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला पाठ होतं. आईने उरलेल्या गोळ्याही बंद केल्या असत्या. भावाने पायावर डोकं ठेवलं असतं. गावात त्याची पंगत थाटात झाली असती. ज्या माणसाला माईकवर मोठं व्हायचं होतं, त्याचा हिशेब माईकवरच व्हायला हवा होता. आईच्या पायांत वेदना होत्या आणि हा गुळाच्या ढेपा रचत होता. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात कामं लावून घेतली. आधी काय, नंतर काय, कोणाला काय बोलायचं. मला त्यात सुख वाटत होतं, हे मी लपवत नाही.

पंगतीच्या दिवशी मी पहिल्या गाडीनेच पोचले. पर्समध्ये रोख रक्कम होती. भाऊ पैसे काढायला मोटरसायकलवर नसरापूरला निघून गेला होता. तो निघाल्याचं भावजयीकडून ऐकलं आणि मोबाईलवरून कार्ड बंद करून टाकलं. मग मांडवात जाऊन आचाऱ्याच्या शेजारी डाळ निवडायला बसले.

थोड्याच वेळात फोन आला.

"अक्का, कार्ड चालंना गं."

"कसलं कार्ड?"

"आईच्या औषदाचं. आज डॉक्टरकडं न्यायचीय तिला."

आई माझ्यासमोर मांडवाच्या खांबाला टेकून तांदूळ निवडत होती. "मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं. "कापूरहोळला बघ की."

कापूरहोळहून पुन्हा फोन. मी म्हटलं, "तिथंही नाही? मग किकवीला जा. हायवेवरचं मशीन चांगलं असतं." किकवीहून त्याचा आवाज पार खाली आला होता. "अक्का, तू बँकेत फोन कर ना. लई अर्जंट हाय." मी म्हटलं, "करते. तू तिथंच थांब." आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

तोवर इकडे भाजीचा टेम्पोवाला पैशासाठी खोळंबला होता. मांडववाला तोंड वाकडं करून उभा होता. आचाऱ्याने हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाला, "मालक कुठं हायत? मला निम्मं आदी लागतंय, मग चुलीला हात." गावातल्या दोन-चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मी उठून सप्त्याचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्यांकडे गेले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं.

"तात्या, यांचे पैसे मी देते. आत्ता, रोख."

"दे की बाय. भावाचं काम भनीनं केलं तर वाईट काय."

"पण पंगत माझी. आईच्या नावानं, माझ्याकडून. माईकवर तसं सांगायचं."

तात्यांनी टोपी मागे सारली. "लेकीची पंगत? आपल्यात लेकीची पंगत कदी घेतलीया? भावकी मला खाईल."

"मग भावकीला विचारा, संध्याकाळी गावाला काय वाढायचं. आचारी निघालाय."

तात्यांनी आचाऱ्याकडे पाहिलं. तो खरोखरच टॉवेल झटकून खांद्यावर टाकत होता. "लई कडक हायस तू," ते म्हणाले. "तुझा बाप असा न्हवता."

"त्यांचं कार्ड कुणी वापरलं नव्हतं," मी म्हटलं आणि पर्स उघडली.

माईकवर काय सांगायचं, ते मी एका चिठ्ठीवर लिहूनच नेलं होतं. तात्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि खिशात ठेवली. "वाचू म्हनतीस?"

"जसंच्या तसं."

संध्याकाळी कीर्तन संपलं आणि पंगत बसली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. भाऊ कधीतरी दुपारी परत आला होता. आचाऱ्याची चूल पेटलेली बघून गोंधळला असणार, पण पैसे कुणी दिले हे विचारण्याइतकं धैर्य त्याला नव्हतं. देवानेच निभावलं असं समजून तो इस्त्रीचा सदरा घालून मांडवाच्या तोंडाशी उभा होता. माईकमध्ये फुंकर मारल्याचा आवाज आला तसा तो जरा ताठ झाला.

तात्यांनी वाचलं, "आजची पंगत म्हाताऱ्या आईच्या नावानं तिच्या भोरच्या लेकीनं दिलेली आहे. लेकीच्या बँकेच्या कार्डावर ज्यांनी सामान आणण्याची तसदी घेतली, त्या तिच्या भावाचेही गाव आभारी आहे."

मग पुरुषांच्या ओळीतून एक जण म्हणाला, "म्हंजी हमालीच केली म्हना की." आणि हशा उठला. माझा भाऊ हसणाऱ्यांकडे बघून स्वतःही हसायला लागला, तसं करण्याशिवाय त्याला काही सुचलं नाही. ते हसू मी नीट बघून घेतलं. भावजयीने वाढायची बादली खाली ठेवली आणि घराकडे चालू लागली. तिचं मात्र वाईट वाटलं.

आईचा हात भातात थांबला होता. तिने मला खुणेने बोलावलं. मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"औषदाचंबी तुझंच व्हय?"

"हो."

"कदीपास्नं?"

"पहिल्यापासून."

तिने हात भातातून काढला आणि पदराला पुसला. मी ज्याला भीत होते, ते हेच होतं. ती उठणार, जेवणार नाही, उद्यापासून गोळी घेणार नाही, आणि माझ्या सुडाचं बिल तिच्या अंगावर निघणार. मी काही बोलायच्या आत ती खांबाला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं हाक मारली, "ए, हिकडं ये." भाऊ आला. बायकांची आख्खी पंगत बघत होती.

"आपलं खालच्या अंगाचं खाचर कुनाच्या नावावर हाय?"

"तुझ्या," तो म्हणाला.

"त्यातला तांदूळ कुठं जातोय?"

"घरीच."

"आता न्हाई. भोरला जानार. हिच्या खानावळीत, हिनं माझ्यापायी घातल्यालं फिटंस्तवर. आन् नंतर म्हैन्याच्या औषदापुरता. दर म्हैन्याला. तू सोता न्यायचा, पोतं खांद्यावर घिऊन. टेम्पोत टाकायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फुकटचं मी खात न्हाई. इकत घेतलंय. आता वाढ."

ती पुन्हा बसली आणि जेवली. भाताशेजारी तिने आणखी थोडी आमटी मागून घेतली. पर्समध्ये तिच्यासाठी आणलेलं नवं पाकीट होतं. जेवण झाल्यावर मी त्यातली गोळी काढून दिली. तिने ती सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली.

माझ्या भावाबद्दल मला नंतर बऱ्याच जणांनी सुनावलं. मावशी म्हणाली, एवढं करायला नको होतं, रक्ताचं नातं आहे. मी तिला विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्यावर आणताना ते रक्त कुणाचं होतं? तिने विषय बदलला. मला पश्चात्ताप नाही. औषधं आता मी स्वतः घेते आणि माहेरच्या एसटीतून भावजयीच्या नावाने पाठवते. ती माझ्याशी मोजकंच बोलते, पण गोळ्यांचं चोख करते. आईचा दाब ताळ्यावर आहे, आणि गुडघ्यांचं औषधही परत सुरू झालं आहे.

भाऊ महिन्याला येतो. ऐन जेवणाच्या वेळेला ये, असं मी त्याला बजावून ठेवलंय. तेव्हा खानावळ गिऱ्हाइकांनी भरलेली असते. तो स्टँडवरून पोतं खांद्यावर घेऊन येतो, गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढतो आणि ओट्यापाशी थांबतो. मी सगळ्यांसमोर पोत्याचं तोंड उघडते, मूठभर तांदूळ हातावर घेऊन उजेडात धरते.

मागच्या खेपेला तो म्हणाला, "कसा हाय?"

"खडे आहेत," मी म्हटलं. एकही नव्हता.

"अक्का, गावात आजून हमालच म्हनत्यात मला."

"म्हणू दे. माळ्यावर चढवून ठेव."

तो शिडी लावून, पाठीवर पोतं घेऊन, धापा टाकत वर गेला. माळ्यावर आम्ही तांदूळ ठेवत नाही, उंदीर लागतात. तो स्टँडकडे गेल्यावर मी दोघी बायकांना घेऊन ते पोतं खाली उतरवलं.