हातवाल्या मावशींचं लुगडं

आमच्या बाळाला मालिश करून न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना घरात कुणी नावाने हाक मारली नाही. त्या हातवाल्या मावशी होत्या. आल्या की आधी बाळाकडे बघत नसत, प्रत्येकाला म्हणत, "हात दाखवा." मी, सासूबाई, आमचे हे, सगळे शाळेतल्या पोरांसारखे तळवे पुढे करायचो. मावशी हात हुंगायच्या. साबणाचा वास नसेल तर त्या माणसाला बाळापाशी मज्जाव. मग भले तो घरमालक असो.

साठच्या दशकाची सुरुवात होती. महाल नावाच्या वस्तीत दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड, मुलगा अडीच महिन्यांचा. मावशी पाचपावलीहून पायी येत. आल्यावर अंगावरचं लुगडं बदलून मोरीजवळच्या खुंटीवरचं जुनं हिरवं लुगडं नेसत. काम झालं की ते खुंटीला लावून, हातपाय धुऊन, पुन्हा आपलं नेसून घरी जात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "माही पोरगी बाळंतपणाले आली हाय. दीड महिन्याचं लेकरू हाय घरी. तुमच्या घरचं तुमच्याच घरी राहू द्या वं बाई." मी मान डोलावली. बाळाच्या दुधाच्या वेळा, ग्राइप वॉटर, दुपट्यांची संख्या, सगळं मी वहीत लिहीत असे. हे लिहिलं नाही.

त्या डिसेंबरात घरभर सर्दी आली. आधी सासूबाई आजारी पडल्या, त्यांनी दोष संत्र्यांना दिला. मग हे, मग मी, तापासकट. ह्यांना दारातच शिंक आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "सायेब, शिंका हापिसात जाऊन द्या. तिथं पगार तरी भेटते." मीही हसले. संध्याकाळी बाळाचं नाक वाजायला लागलं आणि हसणं थांबलं.

एवढ्या लहान जिवाचं नाक बंद झालं की त्याला दूध पिता येत नाही. तो दोन घोट घ्यायचा, श्वासासाठी सोडायचा, रडायचा, त्याने नाक आणखी चोंदायचं. डॉक्टर म्हणाले, "छाती साफ आहे. दूध ओढतोय तोवर घरी ठेवा. ओढेनासा झाला तर लगेच घेऊन या." मी वहीत प्रत्येक वेळ आणि किती घोट हे लिहू लागले. आकडे रोज खाली जात होते. मावशी आता दोन वेळा येत. ओव्याची पोटली तव्यावर गरम करून त्याची छाती शेकत, मऊ धोतराच्या वातीने नाक मोकळं करत आणि मग माझ्याकडे देत. "भांडू नका त्याच्याशी. दोन घोट घेऊ द्या, श्वास घेऊ द्या, मंग पुन्हा."

चौथ्या दिवशी मला जरा उभं राहवलं. मी यादी केली: चादरी, पंचे, रुमाल, दुपटी, सगळं सोड्याच्या पाण्यात उकळणे. घरात जे कापड दिसलं ते मी पातेल्यात घातलं. दुपारी मावशी आल्या, रिकाम्या खुंटीकडे पाहत राहिल्या.

"माहं लुगडं काहून नाई इथं?"

"उकळलंय मावशी, सर्दीचं घर म्हणून. थांबा, माझं पातळ देते."

मी ट्रंकेकडे वळले आणि बाळाला ठसका लागला. ओठ जांभळे दिसले. मावशींनी घरून नेसून आलेल्या लुगड्यातच त्याला उचलून खांद्यावर उभं धरलं. तासभर त्या तशाच फिरत होत्या. तो त्यांच्या खांद्यावर शिंकला, खोकला, शेवटी चिकट गुठळीसकट ओकला. मग त्याने न सोडता दूध ओढलं. मी लिहिलं: साडेचार, पोटभर. मावशींनी ओल्या फडक्याने खांदा पुसला. "पोरगी वाट पाहून राहिली," म्हणत निघाल्या. पातळ द्यायचं राहिलं.

त्यानंतर तीन दिवस त्या आल्या, आवाज बसलेला. मग आल्याच नाहीत. आमचं बाळ सुधारलं होतं, म्हणून मलाही घाई नव्हती. दहाबारा दिवसांनी मी हिरव्या लुगड्याची घडी घेऊन पाचपावलीला गेले.

त्या अंगणात बसल्या होत्या. आत त्यांची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोळीचा दोर आढ्याला तसाच होता, झोळी नव्हती.

"परवा गेलं लेकरू," त्या म्हणाल्या. "दूध ओढेनासं झालं. तुमचं ओढते नं?"

"ओढतो."

"मंग बरं."

"मावशी, मी ते लुगडं उकळलं नसतं तर..."

"सर्दी हवेनंबी लागते वं बाई. कोणाले ठाव." मी घडी पुढे केली. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "ते तुमच्या घरचं हाय. तिथंच राहू द्या."

मी निघाले. त्यांनी माझे हात पाहायला मागितले नव्हते. पुढे त्यांनी कुणाच्याच बाळाला न्हाऊ घातलं नाही, असं कानावर आलं.

तो मुलगा आता पंचविशीचा आहे. सूनबाईला नववा लागलाय आणि मी यादी करते आहे. मालिशला येणार असलेली बाई काल बोलायला आली होती. ती किती पैसे घेणार हे विचारायच्या आधी मी विचारलं, "घरी लहान लेकरू आहे का?"

"हाय नं. नातू. चार महिन्यांचा. काहून?"

मोरीजवळ मी नवी खुंटी ठोकून घेतली आहे. तिच्यावरच्या लुगड्याला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. यादीत हे पहिलं आहे.