भागिरथाबाईचा हात

मंगरूळपीरची रहमतबी मणियार बांगड्यांची पेटी उघडायची, ती एखाद्या नटीने प्रवेश घ्यावा तशी. आधी ओढणीने झाकण पुसायचं, मग जमलेल्या बायकांवरून एक संथ नजर फिरवायची, आणि मग झाकण वर! आतली हिरवी, लाल, जांभळी काच झगमगली की ओसरीभर ‘अवो माय!’ उठायचं.

पण तिची खरी करामत त्या पेटीत नव्हती. समोरचा हात ती मांडीवर घ्यायची, बोटं चोळायची, अंगठ्याखालचा गड्डा हळूहळू दाबायची, आणि त्या हाताला चक्क झोप आणायची. झोपलेल्या हातावरून काच पाण्यासारखी उतरते. जागा हात काच फोडतो.

त्या सकाळी लग्नघरातल्या साऱ्या बायकांचे हात भरून झाले होते. नवरीचा, वैभवीचा, चुडाही भरला होता. राहिली होती फक्त नवरीची आई, भागिरथा. तिकडे शेलूबाजारहून वरपक्षाच्या जीपा उष्टी हळद घेऊन निघाल्या होत्या. विहीण दारात उभी राहील आणि मुलीच्या आईच्या हातात हिरवा चुडा नसेल, तर?

रहमतबीने पहिली बांगडी चढवली. कट्!

“फुटली!” कोणीतरी बोलून गेलं.

“फुटली नाई, वाढली म्हणा,” एक म्हातारी खेकसली.

दुसरीही वाढली. भागिरथाचं तोंड उतरलं. “रहमतबी, लग्नाच्या दिवशी असं! माह्या पोरीचं कसं होईन वो?”

“पोरीचं बेस होईन. तुह्या हात काय करून राह्यला, ते पाय.”

हात कसला, मूठ होती ती. नखं तळव्यात रुतलेली.

तेवढ्यात भागिरथाचा नवरा देवमन दारातून ओरडला, “अवो, रवा कुठी ठेवला?”

“कोठीमागं, निळ्या डब्यात!” भागिरथा बोलली आणि रहमतबीच्या बोटांखाली मनगटाची शीर ताठ झाली. मग आचाऱ्याला तेल हवं होतं. मग मोबाईल वाजला, पाहुण्यांना फाटा सापडत नव्हता. प्रत्येक उत्तरासरशी मूठ आणखी आवळत गेली. रहमतबीने हातातली बांगडी परत पेटीत ठेवली.

“मी नाई भरत.”



“म्हंजे वो?” भागिरथाने विचारलं.

“तुह्या हात इथं नाईच. कोठीत हाये, चुलीपाशी हाये. तो घरी आला का भरतो.”

“विहीण येऊन राह्यली न!”

“येऊ दे. डोये मीट. माह्या हाताची गरमी लागते का तुले?”

“हाव.”

“बस. तेवढंच पाय. दुसरं काई नोको पाहू.”

“अन् कोणी काई इचारलं तं?”

उत्तर वैभवीने दिलं. ती उठली आणि आईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. देवमन पुन्हा आलाच, “अवो, रव्यात त...”

“बाबा, मले इचारा.”

“तू नवरी हायेस!”

“मंग? नवरीले तोंड नसते काय?”

बायका पदराआड हसल्या आणि हसता हसता भागिरथाच्या हाताकडे वळल्या. कारण समोर काहीतरी घडू लागलं होतं. भागिरथाची करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. शेतातल्या निंदणीने चिरा पडलेला, तव्याने पोळलेला तो तळवा पाकळी पाकळी उमलावा तसा उघडला. रहमतबीने आजवर किती हात मांडीवर घेतले होते, पण असा भार तिने कधी पेलला नव्हता. जणू एका बाईचं सगळं घर, शेत, गाईगुरं त्या एका तळव्यातून खाली उतरत होतं. तिचा स्वतःचा श्वास संथ झाला. तिने बांगडी उचलली. काच सरकली, ना आवाज, ना अडथळा. दुसरी. तिसरी. भिंतीला टेकलेली भागिरथा तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.

जीपा आल्या. देवमनने धावत जाऊन वाजंत्री थांबवली. हळदीचं ताट घेतलेली विहीण गोमतीबाई ओसरीवर चढली. चहात साखर कमी पडली म्हणून सोयरिकीची बैठक अडवणारी ती हीच. आता फटाका उडणार, असं सगळ्यांना वाटलं.

“काय झालं विहिणीले?”

“झोपली,” रहमतबी पुटपुटली.

“लग्नाच्या दिवशी?”

“हाव. हात भरून राह्यली.”

शेवटची बांगडी मनगटावर उतरली. गोमतीबाई पाहतच राहिली. त्या सैल, निवांत हाताकडे, त्या सुरकुत्या विरलेल्या चेहऱ्याकडे. मग तिने ताट वैभवीजवळ दिलं, भिंतीला टेकून बसली आणि आपला हात रहमतबीपुढे केला. तो तर कोपरापर्यंत भरलेला.

“बाई, यात जागा कुठी हाये?”

“भरू नोको,” गोमतीबाई हळूच म्हणाली. “नुसता धर.”