कार्डावरचं साल

ब्रेकमास्तरांचा पाय कधी स्वस्थ नसायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरायचा, यातच त्यांची उमर गेली. आता तो पाय घरी सोफ्यावरसुद्धा दाबला जायचा. टीव्हीवर कुणी गाडी दामटली, की मास्तरांची चप्पल फरशीवर घासलीच म्हणून समजा.

बायकोलाही त्यांनी एकदा गाडी शिकवायला घेतली होती. पहिल्याच वळणावर असे खेकसले, की ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. पुढे दुसऱ्या मास्तरांकडे शिकली, झकास शिकली. नवरा शेजारी असताना मात्र तिने कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. मास्तरांना त्याची लाज वाटायची, पण तसं बोलून दाखवतील तर ते मास्तर कसले.

यंदा म्हातारे मालक स्कूल बंद करायला निघाले. "गाडी आणि पाटी तुम्हीच घ्या," ते मास्तरांना म्हणाले, "पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कर्ज मंजूर झाल्याचं दाखवा. नाहीतर अंडीवाला पैसे घेऊन उभाच आहे." अंडीवाला गाडीतला जादा ब्रेक उपटून अंड्यांचे ट्रे रचणार होता. या वयात दुसऱ्या कुठल्या स्कूलने त्यांना दारात उभं केलं असतं?

पण मास्तरांकडे हुकमाचं पान होतं. महिन्यापूर्वीच त्यांनी एक नवं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. त्याच कंपनीचं कार्ड त्यांनी लग्नाआधी ऐटीत बाळगलं होतं आणि मुलगी झाल्यावर खर्चाच्या धास्तीने परत केलं होतं. कंपनीने ओळख ठेवली होती. नव्या कोऱ्या कार्डावर छापलं होतं, 'सदस्य, २००३ पासून'. मास्तरांची छाती फुगली. एवढं जुनं खातं असल्यावर कर्जाला कोण नाही म्हणणार? मग बँकेचं ते दुसरं मळकं कार्ड कशाला पोसायचं, दर वर्षी फुकटची फी खातंय! बुधवारी त्यांनी बँकेला फोन करून ते बंद करायला सांगितलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. या माणसाने हजारो पोरांना बजावलं होतं, की वळण्याआधी मागे बघ.

शुक्रवारी दुपारी फायनान्स कंपनीतल्या बाईंनी कार्ड हातात घेतलं, मग स्क्रीनकडे बघितलं.

"हे खातं गेल्या महिन्यातलं आहे, काका."

"असं कसं? साल छापलंय की त्यावर!"

"ते तुमची आणि त्यांची ओळख कधीपासूनची, त्याचं साल. जुनं खातं तुम्ही बंद केलंत, ते तिथेच संपलं. हे नवीन उघडलं, त्याचं वय उघडल्या दिवसापासून मोजायचं. आमच्याकडे निदान पाच वर्षं चालू असलेलं एक तरी खातं लागतं. दुसरं आहे का काही?"

होतं ना. बारा वर्षांचं, एक बिल न चुकलेलं. परवाच ते बंद करायला सांगितलंय, हे मास्तरांना कबूल करावं लागलं.

"बंद झालं नसेल, तर बँकेकडून तसं लिहून आणा," बाई म्हणाल्या. "सहापर्यंत आहे मी."

बाहेर स्कूलची गाडी उभी होती आणि गाडीत बायको. दातांच्या दवाखान्यातून अर्धा दिवस सुटी घेऊन ती आली होती. मास्तर चालवायला बसले आणि गाडीच्या किल्लीऐवजी घराचीच किल्ली खुपसत राहिले.

"द्या इकडे," ती म्हणाली. "कुठे जायचंय?"

"बँकेत. काही विचारू नकोस. चल."

ती चालवायला बसली, मास्तर आपल्या नेहमीच्या सीटवर. चौकात तिने बसला मागे टाकायला गाडी बाहेर काढली आणि मास्तरांचा पाय पडलाच. गाडी कचकन थांबली. मागच्यांनी भोंग्यांचा नुसता गोंगाट मांडला.

"अहो, पाय काढा!"

"बस अंगावर आली असती!"

"नसती आली. मला दिसत होतं. पोचायचंय ना तुम्हाला?"

पुढच्या सिग्नलला पुन्हा पाय पडला, त्याच्या पुढच्या वळणाला पुन्हा. गाडी आचके देत निघाली होती आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

बँकेतल्या मुलीने नंबर टाकला आणि मान हलवली. "सकाळीच बंद झालं, सर. आता उघडलं तर नवीनच धरलं जाईल."

गाडीत येऊन मास्तर मटकन बसले. समोरच्या काचेकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"आता तरी सांगाल, काय झालं ते?" बायको म्हणाली.

त्यांनी सांगितलं. कार्डावरचं साल, पाच वर्षांची अट, बंद केलेलं खातं, सगळं. ती ऐकून घेत होती. मग तिने पर्समधून कडा झिजलेलं एक कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"फ्रीज घेतला होता, तेव्हाचं. मुलगी तिसरीत होती. अजून चालू आहे."

मास्तरांची लेक आता नोकरीला लागली होती.

"तू... कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

एवढी वर्षं शेजारच्या माणसावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारा माणूस, आणि घरच्या बाईच्या पर्समध्ये काय आहे याचा पत्ता नाही.

"पण मग कर्ज माझ्या नावावर निघणार," ती म्हणाली. "गाडीही माझ्या नावावर होणार. पाटीसुद्धा. चालेल?"

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं. त्यावर कुठलंही जुनं साल मिरवलेलं नव्हतं. फक्त तिचं नाव होतं, तेही अर्धं पुसलेलं.

"सहा वाजता त्या बाई जातात," ते खालच्या आवाजात म्हणाले.

तिने गाडी सुरू केली. चौकात पुन्हा एक बस आडवी आली आणि तिने भोंगा देत गाडी बाहेर काढली. मास्तरांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि घट्ट मांडी घातली.